पाप सापडेना

दुसरा महिना, ३ तारीख, १६३८. न्यू इंग्लंड.
('एप्रिल' लिहायचं नाही. आमचं वर्ष त्याच्या आदल्या महिन्यात सुरू होतं. महिन्यांची मूर्तिपूजक नावं मीच बंद केलीत. कलम ११.)

वसाहतीचा कायदा आज पुरा झाला. शहाण्णव कलमं, सगळी माझी. सर्वांत देखणं कलम ४: चर्चच्या सभासदालाच मत आणि पद. सभासद व्हायचं तर मंडळीपुढे उभं राहून आपली पापं सांगायची. पुढच्या महिन्यात न्यायाधीशाची निवडणूक. इथे वकील मी एकटाच. रविवारी सभासद होऊन टाकीन.

५ तारीख.
निवेदन लिहायला बसलो. पाप आठवेना. मक्याची लापशी खाल्ली, पुन्हा बसलो. आठवेना.

६ तारीख.
शेवटी बायकोला, मेहिटाबेलला विचारलं. तिने चरखा थांबवला. म्हणाली, अहो, कुठून सुरू करू ते सांगा. दुपारपर्यंत बोलत होती. उलटतपासणीत एकही आरोप टिकला नाही.

८ तारीख, प्रभूचा दिवस.
निवेदन झालं. वाळूचं घड्याळ दोनदा उलटावं लागलं. कबूल केलेली पापं: अति नम्रता, अति कष्ट, आणि लहानपणी उचललेलं शेजाऱ्याचं अंडं. पण कोंबडी आमच्या कुंपणात आली होती, सबब चोरी सिद्ध होत नाही, हे पाच मुद्द्यांत दाखवलं. पाद्री पिंचबेक डोळे मिटून ऐकत होते. भारावले असावेत. म्हणाले, खरं पाप सापडलं की या.

म्हणजे फेटाळलं नाही. तहकूब.

मग मेहिटाबेल उठली. चारच वाक्यं बोलली. मला नवऱ्याचा रोज राग येतो, हे तिसरं. बायका रडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, समजतं हो बाई. ती लगेच सभासद!

१५ तारीख.
आज जेबेझ कॉब. गावची डुकरं राखतो. दारू पिऊन माझं डुक्कर चोरलं, असं ढसाढसा रडत सांगितलं. त्यालाही घेतलं! डुक्कर माझं, तेव्हा त्या पापात निम्मा वाटा माझा, असा अर्ज केला. पाद्री नाही म्हणाले.

२२ तारीख, प्रभूचा दिवस.
पाप करायचंच ठरवलं. प्रभूच्या दिवशी हसणं, कलम ३७. चौकात उभा राहून हसलो. जेबेझ जवळ आला. म्हणाला, मालक, दाढ दुखतेय का?

तिसरा महिना, १६ तारीख.
निवडणूक. मतदानाच्या दारावर राखणीला जेबेझ. म्हणाला, मालक, रागावू नका, पण कलम चार. पाठ आहे त्याला! न्यायाधीश म्हणून तोच निवडून आला. त्याला अक्षरओळख नाही.

१७ तारीख.
सकाळपासून पोटात जळजळ. आधी वाटलं, खारवलेला मासा बाधला. नीट तपासलं. मत्सर! अस्सल, काळाकुट्ट मत्सर! धावत पाद्र्यांकडे गेलो. त्यांनी मला मिठीच मारली. रविवारी मंडळीपुढे एवढंच सांगा, म्हणाले. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

२० तारीख, प्रभूचा दिवस.
निवेदनाला उभा राहिलो. तेवढ्यात जेबेझ उठला. म्हणाला, मालक, मला वाचताबिचता येत नाही, खुर्ची तुमचीच. आज सभासद व्हा, उद्या येऊन बसा.

फार बरं वाटलं. त्याच्याबद्दल मायाच दाटून आली. पाद्री म्हणाले, हं, तुमचं पाप? मनात शोधलं. शपथेवर खोटं कसं बोलू? म्हटलं, होतं. आत्तापर्यंत होतं.

तहकूब.

२१ तारीख.
जेबेझला कलमं वाचून दाखवायला कारकून हवा होता. कारकून सभासद असावा, असं कलम नाही. मी दोनदा पाहिलं. उद्या सकाळी सहाला हजर व्हायचंय. डुकरांकडे बघायला दुसरं कोणी नाही, म्हणून कोर्ट त्यांच्या वाड्यापाशीच भरतं.