अनंताच्या दगडावरची ओळ

प्रिय सरोजा,

आपला अनंता, लोकांचा आमदार अनंतराव, जाऊन तीन महिने झाले. त्या दिवशी तिरंगा, सलामी, पक्षाचे झेंडे, सगळं झालं. मी घरी येऊन अंघोळ केली, दहीभात खाल्ला. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

मद्रासमधले, पेरांबूरचे रविवार मात्र आठवतात. रेल्वे क्वार्टरच्या ओसरीवर माझे वडील आपल्याला मराठी कविता शिकवायचे. तुझा भाऊ, वेंकटअण्णा, कविता म्हणायचा, वडील खूश होऊन ‘वा!’ म्हणायचे, आणि वेंकट तो तमिळ ‘वा’, म्हणजे ‘ये’, समजून त्यांच्यापुढे जाऊन उभा! अनंता ओरडायचा, बस रे खाली, शाबासकी दिलीय, बोलावलं नाही! तू हसून हसून ओसरीवरून पडली होतीस.

पुढे वेंकट आणि अनंता एकाच पलटणीत गेले. एकाहत्तरच्या लढाईतून अनंता एकटाच परतला. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा भाषण लिहायला मीच. मी त्याला विचारलं, वेंकट शेवटी काय म्हणाला? ‘वा’ म्हणाला, एवढंच अनंता बोलला. मला वडिलांची ओसरी दिसली. मी लिहिलं, ‘मरताना मित्राने मला शाबासकी दिली, आता तुम्ही द्या.’ भाषणाचं तमिळ त्यानेच केलं. त्या ओळीशी त्याचा हात थांबला, मग चालला. तिच्यावर तो चारदा निवडून आला.

कामं केली त्याने. कोवलमच्या कोळणींना पहाटेची बस मिळाली ती त्याच्यामुळे. पण विधानसभेत सैनिकांचा विषय निघाला की उठून बाहेर जायचा. लोक म्हणत, हळवा आहे.

पहिल्या विजयानंतर मरीनावर बसून तो म्हणाला, “उमाकांता, वेंकट बोलवत होता रे. वीस पावलांवर होता. मी गेलो नाही. ती ओळ काढू का?” मी म्हटलं, लोकांना पाठ झालीय, राहू दे. खरं सांगू? ओळ चांगली जमली होती. मला ती मोडवेना.

रविवारी त्याच्या पुतळ्याचं अनावरण तुझ्या हस्ते आहे. पत्रिकेत ‘वीराची भगिनी’ छापलंय. तुझ्या नातीने, रंजनीने, टी. नगरातून तुला साडीही घेतली म्हणे. पुतळ्याखालच्या दगडावर तीच ओळ आहे, तमिळ आणि मराठीत. कोरण्याआधी मराठी तपासायला माझ्याकडे आली होती. ‘मित्रा’ची वेलांटी दीर्घ पडली होती. तेवढी ऱ्हस्व करून मी कागद परत पाठवला. तू तंजावरहून निघण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं. पडद्याची दोरी ओढायची की नाही, ते तू ठरव.

तुझाच, ओसरीवरचा
उमाकांत