घरी राहिलेल्याचा वाटा

सर, त्या रविवारी तुमचं चुकलंच होतं.

तुमच्या पडवीत अभ्यासवर्ग भरायचा. गावातले आम्ही नऊ जण, आत बाई, तुमच्या घरच्या, चहा गाळतायत. विषय स्वप्नाळू समाजवाद. तुम्ही सांगताय: युरोपात गिरण्या आल्या, पोरंसोरं यंत्रांवर राबू लागली, तेव्हा काही भल्या माणसांना वाटलं, समान वाट्याचं एखादं गाव नमुन्यादाखल वसवलं की ते पाहून जग सुधारेल, भांडावं लागणार नाही. मी हात वर केला. म्हटलं, आपल्या तलावाची मासोळी धरली की घरटी सारखे ढीग घालतात. आजारी आहे, जाळं ओढायला आला नाही, त्याचाही ढीग दारात पोचतो. मग हे स्वप्न कसं?

तुम्ही हसलात, "अबे वाईंडिंगवाल्या, मासोळीच्या रश्श्याले समाजवाद म्हणून राह्यला का तू?"

तीच मासोळी खाणारे आठही जण हसले.

मी नववीनंतर शाळा पाहिली नाही, पण वेढे मोजल्याशिवाय मोटारीत तार भरत नाही. वाचलंही तसंच. 'स्वप्नाळू' हे नाव त्या माणसांनी स्वतःला दिलंच नव्हतं. मागून आलेल्या समाजवाद्यांनी ते त्यांना चिकटवलं. त्यांतल्या एका गिरणीमालकानं लहान पोरं यंत्रावरून काढून शाळेत बसवली, कामाचे तास घटवले. त्यानं परदेशात वसवलेलं गाव दोन-तीन वर्षांत मोडलं, कबूल. पण मोडलं तेवढंच तुम्ही शिकवलंत! चाललं ते काऊन नाही सांगितलं? आणि आपला तलाव तर पिढ्यान्‌पिढ्या चालला होता, तुमच्या परसाला लागून!

तुम्ही गेल्यावर पंधरा वर्षं बाईंच्या दारात तो ढीग येत राहिला. गुडघ्यांमुळे त्यांना उंबरठा ओलांडवत नाही. यंदा गावाच्या सभेत एक जण उठला, "जो जाळं ओढन त्याचाच हिस्सा. घरी बसून कायची मासोळी?" शेजारच्यानं मला कोपरानं ढोसलं, "भाऊ, तुमी तं एवढं वाचता, बोला ना." उत्तर दाखल्यांसकट तयार होतं. पण मला तुमचं हसू ऐकू येत होतं. वाटलं, कळू दे सरांच्याच घराला. मी बसून राहिलो. ठराव मंजूर झाला.

परवा बाईंचा पंखा दुरुस्त करायला गेलो. "काऊन रे, औंदा मासोळी नाई आली?"

"तलावातच कमी होती, बाई."

कमी नव्हती, सर. ढीग उचलायला घमेली पुरली नाहीत. हा कागद बाईंना वाचून दाखवायचा म्हणून लिहिला. दोनदा त्यांच्या दारावरून गेलो, आणि दोन्ही वेळा सायकल थांबवली नाही.