अर्धा तास बसवले

३ नोव्हेंबर
गुडघ्याचा एक्स-रे काढून आल्यावर आईने विचारलं, "फोटूत काय न्हाई म्हनत्यात, मग दुकतंय ते कुठं हाय?" बी.एस्सी. होऊन मला उत्तर देता आलं नाही.
आप्पा गोठ्यातूनच, "फोटू चांगला म्हंजी गुडघा चांगला. ऊठ, पानी आन."
मी काम करते त्या सावेडीच्या लॅबमध्ये मॅडमचं संशोधन यावरच चाललंय. एक्स-रेत झीज दिसायच्या आधी गुडघ्यातल्या कूर्चेचे अंश रक्तात सापडतात का. रविवारी आमच्या गावात नमुने घ्यायचेत, मीच घेणार. आईचं नाव घातलं.

९ नोव्हें.
शाळेत बायका जमल्या. नियम असा, रक्त घ्यायच्या आधी अर्धा तास नुसतं बसायचं. चालून-राबून आलं की रक्तातल्या त्या अंशांचा आकडा वाढतो. पण बसतंय कोण. आईने वर्ग झाडला, हापशावरून दोन हंडे आणले. बस म्हटलं तर, "पाव्हनी हाय का मी? लेकीचा कारेक्रम हाय." मला बरंच वाटलं. न बसवताच सगळ्यांचं रक्त घेतलं.
'अर्धा तास बसवले' या ओळीपुढे सगळ्यांच्या फॉर्मवर मी काल घरीच खुणा करून ठेवल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून.

२१ नोव्हें.
आकडे आले. आईचा सगळ्यांत जास्त. मॅडम म्हणतात, एका आकड्यावर निदान नाही, वर्षभर मागोवा घ्यायचा. घरी मी फक्त 'जास्त आलाय' एवढंच सांगितलं.
आई हसली. "मशिनीनं तरी आयकलं माजं."

२२ नोव्हें.
आप्पांनी स्वतः हंडा आणला.

२६ नोव्हें.
मॅडम, "तुझ्याच गावचे आकडे एवढे वर कसे? बसवलं होतंस ना?"
हो म्हणाले.
घरी येताना एसटीत सुप्यापर्यंत तेच डोक्यात. आईचा गुडघा दुखतो, हे खरं. पण तो आकडा गुडघ्याचा की त्या दोन हंड्यांचा? पुन्हा रक्त घेतलं आणि कमी आला, तर आप्पा...

२८ नोव्हें.
घरी आले तर आई खुर्चीत, पाय पाटावर. आप्पा हंडा उतरवत म्हणाले, "मॅडमला इचार, हिनं अजून किती दिस वझं उचलायचं न्हाई."
विचारते म्हटलं.
दुपारीच मॅडमना लिहून दिलंय. 'बसवले'च्या खुणा आदल्या दिवशीच्या आहेत, कुणाला बसवलं नव्हतं, आमच्या गावचे सगळे नमुने बाद करा. आईचाही.