ओपलची बारा तारांची निळी गिटार

४ जून १९९७, बेकर्सफील्ड

कपाटावरून ते निळं धूड खाली आलं! तीस वर्षं धूळ खात पडलं होतं तेच बरं होतं. लॉस एंजेलिसहून कुठल्याशा पोरांच्या बँडचा फोन आला. म्हणे, तुमच्या सदुसष्टच्या रेकॉर्डवर बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार वाजते ना, तीच हवी, आणि वाजवणारीही तीच हवी. वाजवणारी म्हणजे ओपल, माझी धाकटी बहीण. त्याच रेकॉर्डवर मी गायलेय. माझं नाव कुणी काढलं असेल तर शपथ!

ओपल स्वयंपाकघरात चक्क नाचली. चौपन्नाव्या वर्षी! "व्हर्ना, अगं मी आठवतेय त्यांना!" मी म्हटलं, "बस खाली, कंबर मोडेल."

६ जून

सकाळपासून टुणटुण चाललीये. ही गिटार भरीव लाकडाची, आत पोकळी नाही. स्पीकरला जोडली नाही तर डासाएवढा आवाज. म्हणून बाईसाहेब गाल तिच्या अंगाला टेकवतात आणि हाडातून सूर ऐकतात. सूर लावायचं मशीन घेणार नाही — देवानं कान दिलाय ना! बाबा गावभर हेच सांगत फिरायचे. ओपलचा कान असा, ओपलचा कान तसा. माझ्या हातात काय दिलं? खंजिरी.

७ जून

ओपल अंघोळीला गेली तेव्हा केलं. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. दर जोडीतली एकेक खुंटी केसभर सैल केली. जास्त नाही. जास्त केलं तर कळतं.

ती केस पुसत आली, तारा छेडल्या, आणि चेहरा असा पडला! मला मजा आली. इथे खोटं कशाला लिहू?

९ जून

ती लावते, मी बिघडवते. आज मला हाक मारून म्हणाली, "व्हर्ना, खरं सांग हं. आता लागलीये का?" लागली होती, अगदी चोख. मी तोंड वाकडं केलं. "बाई गं! मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखं वाटतंय. तुला ऐकू येत नाहीये का?"

ती रडली. मी पीचची फळं भरून भाजलेला गोड पाय कापून समोर ठेवला. तिनं हात लावला नाही, मग दोन्ही तुकडे मीच खाल्ले.

१० जून

झोप मस्त लागली.

१२ जून

अक्षर वेडंवाकडं येतंय.

शनिवारी रेकॉर्डिंग. सकाळी ओपल म्हणाली, "जाऊच नको का गं?" मी म्हटलं, "जा की! पोरं हसतील, दुसरं काय होणार?" तिनं पुन्हा गिटार मांडीवर घेतली.

तिसऱ्या जोडीत एक बारीक तार असते. सगळ्यांत पातळ आणि सगळ्यांत ताणलेली. तुटली तर तीच तुटते. तिची खुंटी पिळताना तोंड फिरवायचं, हे बाबांनी आम्हा दोघींना लहानपणीच शिकवलेलं. पण ओपलचा स्वतःवर विश्वासच उरला नव्हता. गाल लाकडाला लावून ती माझ्याकडे बघत होती.

"आता?"

"उतरलीये."

"आता?"

लागली होती. मी समोरच्या खुर्चीत होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"अजून थोडी वर घे."

तिनं घेतली.

"अजून."

सटकन तुटली. डावा डोळा.

रक्त फार आलं नाही. टॉवेलात बर्फ गुंडाळून तिच्या हातात दिला आणि गाडी काढली. वाटभर एकच — "मलाच कळलं नाही गं, तू सांगत होतीस तरी." मी रस्त्याकडे बघत राहिले.

१३ जून

त्या डोळ्यानं आता दिसणार नाही, डॉक्टरांनी सरळच सांगितलं. घरी आणलं, औषधानं झोपलीये. पण तिनं तरी तोंड का नाही फिरवलं? लहान आहे का ती? इतकी कशी भोळी! संताप येतो मला. आत्ताही येतोय.

१४ जून

बँडमधल्या पोराचा फोन. ओपल येऊ शकत नाही, म्हटलं, डोळा गेला तिचा. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हीपण नाही येणार."

"मी?"

ओपलनं पहिल्याच फोनवर अट घातली होती म्हणे. बहीण गाणार असेल तरच मी वाजवीन. तिला आधी सांगू नका, फणकारून नाही म्हणेल. मीच गाडीत घालून आणते.

"तुमचा माईकसुद्धा लावून ठेवला होता, मॅडम."

ओपल आतून हाक मारतेय. डोळ्यात थेंब घालायचेत.