दोन लीडर पाहिजेत

५ एप्रिल

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर कंपनीचं नाव काढायचं नाही, अशी तू मला तंबी दिलीस. फोनवर ऐकलं तर मी भिडेखातर हो म्हणून बसेन, म्हणालीस. ठीक आहे, पत्राला तर बंदी नाही ना? बस आता वाचत!

वहिनी, मला अक्षरशः पंख फुटलेत. एकोणीस वर्षं दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर बसले. काचेला जे वाटोळं भोक असतं ना, त्याच्या मागचा चेहरा म्हणजे मी. लोक मला 'अहो काउंटर' म्हणून हाक मारतात. आता बघ कशी पुढे येते ती. आमच्या कंपनीचे चुंबकाचे तळवे आहेत. बुटात, चपलेत घालायचे, की दिवसभराचा थकवा जातो. पण तळवे विकणं हे खरं काम नव्हेच. खरं काम माणसं जोडायचं. मला जोडणाऱ्या बाई 'हिरा' पदावर आहेत, म्हणून सगळे त्यांना हिराताई म्हणतात. त्या सांगतात, लीडर घडवता येत नाही, तो सापडतो. शंभर माणसं आणा, वीस टिकतील, त्यातून दोन लीडर निघतील. वाळू चाळत राहायची, निवडत बसायचं नाही.

तर तीस जूनच्या आत माझ्या हाताखाली दोन लीडर उभे राहिले पाहिजेत. मग मला स्टेजवर बोलावून 'पाचू' करणार आणि ही काच कायमची सुटणार. आणि माणसांची मला काय कमी? रोज पंचवीस पेशंट समोर येऊन बसतात! पंधरा दिवसांत अठराजण जोडले. एकानेही नाही म्हटलं नाही.

दादासाठी तळव्यांचा एक जोड पाठवला आहे. त्याला माझा नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो या भानगडीतही टिकावा.

तुझी,
भिंगरी

१३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझं नाव भिंगरी ठेवणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं.

आधी तळव्यांचं सांगते. तुझ्या दादाने ते मोठ्या कौतुकाने बुटात घातले आणि माझा विसरलेला चष्मा द्यायला आमच्या शर्टांच्या कारखान्यात आले. शिलाईच्या खात्यातून नुसता एक फेरा मारला, तर जमिनीवर पडलेल्या टाचण्या दोन्ही बुटांना चिकटल्या. बायकांनी खाली बसवून ह्यांच्या बुटांच्या टाचण्या वेचल्या आणि रोज येत जा म्हणून सांगितलं. हे लाजून पळाले. थकवा गेला का विचारलं, तर म्हणतात, गेला असेल, पण अब्रूही गेली.

आता कामाचं. अठराजणांतल्या एकानेही नाही म्हटलं नाही, हे वाचून मला आनंद नाही झाला, शंका आली. अगं, दाढ ठणकत असलेला माणूस कशालाही हो म्हणतो! आणि इंजेक्शन देऊन ज्याचा जबडा बधिर झालाय, तो नाही कसा म्हणणार? तो नुसती मान हलवतो. जरा दुखणं थांबल्यावर विचारून बघ.

मोडता घालते म्हणून रागावू नकोस. तुझी उमेद मला आवडते, तुझी घाई नाही आवडत. हे आशीर्वाद सांगतात. माझी माया आहे तिथेच आहे.

तुझी,
वहिनी

९ मे

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण तू बोललीस ते कडू निघालं आणि खरंही निघालं. एक्केचाळीस माणसं झाली माझी. दाढ उपटून झाली की यातले अर्धे मला रस्त्यात ओळख देत नाहीत. एका घड्याळजींना मी दुकानात जाऊन गाठलं, तर म्हणाले, त्या दिवशी मी कशावर सही केली ते मला आठवतच नाही, मला वाटलं दात काढायची परवानगी असेल. बसच्या कंडक्टर बाई मात्र बैठकीला येतात, एक कुलूपवाले येतात, शाळेतल्या दोन बाई येतात. येतात, बसतात, थंड पाणी पितात आणि घरी जातात. दुसरा माणूस कोणी आणत नाही.

हिराताई म्हणतात, अजून चाळा. मी चाळतेच आहे. वहिनी, हसू नकोस, पण सकाळी उठल्यावर मला असं वाटतं की आज दारातून येणारा पहिला माणूसच लीडर असेल. एवढी उत्सुकता मला शाळेच्या निकालाचीही नव्हती.

आणि एक सांगायचं आहे. बसलीस ना? मी डॉक्टरांना नोटीस दिली. तीस जूनपर्यंत काम करणार, एक जुलैपासून मोकळी. हिराताई म्हणाल्या, परतीची वाट ठेवणारा पुढे जात नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला, आणि बरं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या जागी माणूस शोधताहेत. म्हणजे आता लीडर सापडलेच पाहिजेत. नाहीतर ना काच, ना स्टेज.

म्हणून तुला विचारते. तुझ्या हाताखाली साठ बायका. त्यातून मुकादम कोणाला करायचं, ते तू कसं ओळखतेस? ही विद्या मला दे. दादाला यातलं नोटिशीचं सांगू नकोस. चूकभूल पोटात घाल, मला मनातून काढू नकोस.

तुझी,
भिंगरी

१७ मे

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कागद पेटला असता. नोटीस! एकोणीस वर्षांची नोकरी! ज्या बाईला तू दोन महिने ओळखतेस तिच्या एका वाक्यावर! तुझ्या दादापासून मी काही लपवत नाही. सांगितलं. ते गच्चीवर जाऊन उगाच कुंड्या इकडच्या तिकडे करत बसले. तेव्हा समजून जा.

आता रागावून झालं. विचारलं आहेस म्हणून सांगते, कारण हे मला खरंच येतं. मुकादम मी कामावरून निवडत नाही. सगळ्यात सरळ शिलाई घालणारी बाई पुष्कळदा इतरांची वैरी असते. बोलण्यावरूनही निवडत नाही. मी एवढंच करते की एक दिवस भर कामात, काही न सांगता, मोटार बंद करते. सगळी मशीनं एकदम थांबतात. बायका दचकतात आणि मान वळवतात. कोणाच्या तोंडाकडे बघतात, ते मी बघते. ज्या बाईकडे दहा माना वळल्या, ती मुकादम. मग ती बुटकी असो, तोतरी असो. माणसं अडली की ज्याच्याकडे बघतात तोच पुढारी, बाकी सगळे नुसते पुढे उभे असतात.

घे विद्या. पण जपून वापर, तुझं काय सांगावं. पैशाअडक्याची गरज पडली तर संकोच करू नकोस. रागासकट तुझीच,
वहिनी

३० जून

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कुठून सुरुवात करू? परवापासून मी कोणाला तरी हे सांगायला तडफडते आहे.

परवा दुपारी मोठी सभा होती. तळघरातला हॉल. नव्वद माणसं, त्यात माझी चाळीसच्या चाळीस! (एक्केचाळिसावे परगावी गेलेत.) शेवटची संधी म्हणून मी एकेकाच्या घरी जाऊन बोलावून आणलं होतं. आता तुझी विद्या वापरून बघायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. हिराताई पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. मी हळूच मागे गेले आणि विजेचा मुख्य खटका खाली ओढला.

वहिनी, तुझा कारखाना दिवसाउजेडी चालतो. आमचा हॉल तळघरात, त्याला एक खिडकी नाही! गुडुप अंधार झाला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की अंधारात कोण कोणाच्या तोंडाकडे बघतंय हे मला दिसणार कसं? मी कपाळावर हात मारून घेतला, तोही कोणाला दिसला नाही. घाईघाईने खटका वर करायला गेले, तर तो तुटून हातातच आला.

मग जी धांदल उडाली! खुर्च्या पडल्या, कोणीतरी किंचाळलं, सगळे जिन्याकडे ढकलाढकली करत निघाले. जिना हा असा उभा. घड्याळजी खाली पडले, त्यांचा आवाज मी ओळखला. हिराताई स्टेजवरून काहीतरी सांगत होत्या, पण माइक बंद. आणि तेवढ्यात कंडक्टर बाई मोठ्याने ओरडल्या, की दवाखान्यातल्या बाई कुठे आहेत, त्यांना विचारा. मग कुलूपवाल्यांनी तेच विचारलं. मग चहूकडून सगळे तेच विचारायला लागले. वहिनी, मी आयुष्यात एवढ्या लोकांच्या तोंडून स्वतःला ऐकलं नव्हतं.

मी रोज जशी बोलते तशीच बोलले. कोणी उठायचं नाही, मी नंबर पुकारल्याशिवाय कोणी आत जात नाही तसं बाहेरही जाणार नाही, म्हटलं. आणि बसले की गं सगळे! एक रांग उठवली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला, पायऱ्या मोजायला लावल्या, मग दुसरी. घड्याळजींना शाळेतल्या बाईंनी धरलं. नव्वद माणसं एका ओरखड्याशिवाय वर आली. शेवटी मी आले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हिराताई.

बाहेर उन्हात आल्यावर हिराताईंनी मला मिठीच मारली. सगळ्यांसमोर म्हणाल्या, ही बघा लीडर, दोन लीडरची अट हिला माफ, आजच हिला पाचू करते, ज्यांना जोडायचंय त्यांनी हिच्या हाताखाली नाव लिहा. वहिनी, लोक खरंच पुढे आले! अनोळखी माणसं वही मागायला लागली. तीन महिने ज्यासाठी जीव टाकला ते माझ्या पुढ्यात, फुटपाथवर उभं होतं. आणि कुलूपवाले मला म्हणाले, की बाई, त्या बाईंचं राहू दे, तुम्ही सांगा, या तळव्यांनी खरंच काही होतं का? तुम्ही म्हणाल तर मी माझ्या दहा माणसांना आणतो.

काचेपलीकडून लोक मला एकोणीस वर्षं एकच प्रश्न विचारत आलेत, दुखेल का? त्याचं उत्तर मी कधी खोटं दिलं नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणते. म्हणून तर अंधारात त्यांनी मला हाक मारली ना? ते सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला थाप मारताच आली नाही. मी म्हटलं, माझ्या पायाला पहिल्याच आठवड्यात फोड आले, तेव्हापासून माझे तळवे कपाटावर पडलेत. आणि ओघाओघात हेही सांगून टाकलं, की दिवे मीच घालवले.

मग कंडक्टर बाईंनी मला अशी झाडली की बस रिकामी झाली असती. त्यानंतर त्यांनाच हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. तिथल्या तिथे लोकांनी नावं काढून घेतली. माझे तर चाळीसच्या चाळीस गेले. हिराताई गाडीत बसून निघून गेल्या. मला रडू यायला हवं होतं. पण वहिनी, मला इतका आनंद झाला की घरी येताना मी जवळजवळ पळत होते. खुळी म्हण हवं तर.

काल मात्र मान खाली घालून डॉक्टरांकडे गेले आणि नोटीस परत मागितली. ते म्हणाले, नव्या बाईला शब्द दिला आहे, तिने तिची आधीची नोकरी सोडली आहे. त्यांचं बरोबर आहे. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. आज तिला सगळ्या चाव्या दिल्या आणि कोणता पेशंट घाबरट, कोणता बिलंदर, ते समजावून सांगितलं. हुशार आहे.

तर उद्यापासून मला काम नाही. त्याची भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवू. दादाला सांग, पण कुंड्या हलवू नको म्हणावं. तुझी आठवण फार येते.

तुझी,
भिंगरी

४ जुलै

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र काल जेवणाच्या सुट्टीत आलं. मी मनातल्या मनात वाचायला घेतलं आणि हसायला लागले, तर बायकांनी ते हिसकावून मोठ्याने वाचलं. अंधाराच्या जागी साठजणी जेवायच्या थांबल्या. घड्याळजी पडले तिथे दोघींनी डोळे पुसले. तळव्यांचं खरं सांगितलंस तिथे कोणीतरी डबा वाजवला.

संपल्यावर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, ह्यांनाच आणा. आमच्या कॉलरच्या खात्याची मुकादम मुलीकडे कायमची राहायला चालली आहे, तिची जागा महिना अखेरीस रिकामी होते. मला तुझं नाव सुचलं नव्हतं, हे कबूल करते. घरातलं माणूस मी मोजलंच नाही. तू माझ्यासाठी कायम तुझ्या दादामागे पतंगाची फिरकी धरून धावणारी, एवढीशीच राहिलीस. चुकलं माझं.

मालकांशी बोलले आहे. महिनाभर आताच्या मुकादमबाईबरोबर राहून शिकायचं, मग महिनाभर तुझी परीक्षा. ती मी घेणार नाही, खात्यातल्या अठराजणी घेतील. त्यांनी नको म्हटलं तर मी एका शब्दाने आड येणार नाही. शिलाई येत नाही म्हणशील, तर ती शिकवता येते.

तुझ्या दादाने जिन्याशेजारची खोली झाडली आणि पलंगाचा लंगडा पाय ठोकून घेतला. मला म्हणाले, तू बोलाव, मी बोलावलं तर तिला ती दया वाटेल. म्हणून मी बोलावते. माझ्या गरजेसाठी.

सोमवारी सकाळी साडेसातला कारखान्याच्या दारात ये. पाच मिनिटं उशीर झाला, तर तू माझी कोणी नाहीस. वेळेवर आलीस, तर आत ये, तुला सगळ्यांना दाखवायचं आहे.

तुझी,
वहिनी