मोराची नव्हेत, कोंबड्याची

ता. ९ डिसेंबर १९६३, सोमवार.

प्रिय आक्का,

आज दुपारी चार वाजता वाचनालयात तुझी शोकसभा झाली. वीस-बावीस माणसं होती. पाचजण बोलले, चहा झाला, सहाला मी घरी आलो. तू असतीस तर एवढंच सांगून गप्प बसलो असतो. पण आज मी सभेत तोंड उघडलं. ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

टेबलावर तुझ्या तिन्ही हातबाहुल्या होत्या : सासू, सून आणि तलाठी. सभेसाठी म्हणून वाचनालयवाल्यांनी परवाच घरून मागून नेल्या होत्या. पाहतो तर सुनेच्या वेणीला खोबरेल चोपडून फणी फिरवलेली! सासूचा पांढरा अंबाडा चपटा झालेला. तलाठ्याच्या मिशाही सोडल्या नाहीत. तुझ्या खेळाला मागे बसून जांभया देणारे हे लोक, तू गेल्यावर बाहुल्यांची वेणीफणी करायला निघाले.

तेल लागलं की पीस चिकटतं, धूळ धरतं, मग त्याला कसर लागते. हे तू किती वेळा सांगितलंस! मलाच सांगायचीस, कारण दुसरं कोणी ऐकत नसे. आणि मीही ऐकायचो तो गोठ्याच्या दारात उभा राहून.

आपल्या घरातच काय, सगळ्या आळीत अंडंसुद्धा येत नाही, म्हणून तुझी पिसांची पेटी गोठ्यात. रनाळ्याच्या बाजारात कोंबड्या विकणाऱ्या बाईकडून तू मानेची आणि शेपटीची पिसं निवडून आणायचीस. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायचीस. किटलीच्या वाफेवर धरून बोटांनी वळण द्यायचीस. मग बाहुलीच्या लाकडी डोक्यावर बसवलेल्या कापडी टोपीवर मानेपासून वर, छप्पर शाकारतात तशी ओळीवर ओळ शिवायचीस.

एकदा मी म्हणालो, "ह्या पिसे घरमा नको लयू."

तू वर न बघता म्हणालीस, "पिसे नको म्हनू. केस म्हन."

तुला राग येत नव्हता का? की रागावण्याइतकीही माझी किंमत नव्हती?

सभेचे अध्यक्ष आपले दगाजीकाका. विधवा बाईने बाहुल्या काय नाचवायच्या, असं सतरा वर्षं गावभर म्हणत फिरलेले तेच. आज सून मांडीवर घेऊन वेणीवरून हात फिरवत म्हणाले, सरस्वतीच्या मोराची ही पिसं आमच्या लेकीने बाहुल्यांच्या माथी लावली. काळीकुळकुळीत वेणी, आणि म्हणे मोर! मग जाहीर केलं की बाहुल्या आजपासून वाचनालयाच्या कपाटात राहतील, आणि दर वर्षी त्यांना असंच तेल लावून सजवलं जाईल. टाळ्या पडल्या. म्हणजे दोन वर्षांत नुसती लाकडी टकली उरली असती.

मी उभा राहिलो.

"काका, मोरना नहीत. कोंबडाना शेतस."

काकांनी हात असा झटकला की सून खाली पडली. धोतराला हात पुसत ते म्हणाले, "पहिले सांगाले काय व्हयनं व्हतं तुले?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता.

मग हात धुवायला पाण्याची शोधाशोध झाली. त्या टेबलावर कोणी चहाचा कप ठेवला नाही. कपाटाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाहुल्या मी पिशवीत घातल्या, कोणी आडवं आलं नाही. कसं येणार? हात लावावा लागला असता!

अशा माणसांची मला कीवही येत नाही. पण त्यांच्याच ओळीत मी इतकी वर्षं बसलो होतो, आक्का. तू मला एकदा तरी आत ओढायला हवं होतंस.

तेल मी काढीन. दर पावसाळा संपला की वाफ देईन, पेटीतला कडुनिंबाचा पाला बदलीन. तुझ्यासारखं वळण येणार नाही, पण एकही ओळ गळू देणार नाही. पेटी आजपासून माझ्या खोलीत आहे, माझ्या कपड्यांशेजारी. हे मी घरात सांगितलं.

म्हणून आज माझं ताट बाहेर ओट्यावर वाढून ठेवलं आहे. बाकीचे आत जेवताहेत. हे संपवतो, आणि तिथे बसून जेवून घेतो.

तुझा,
सुदाम