अर्धे गाऱ्हाणे

म्हादेवा,

माझे आशीर्वाद तुला अजून चालत असतील तर घे.

काल अक्षयाने मला इथल्या, स्वित्झर्लंडच्या बर्फाच्या डोंगरावर नेले. आगगाडी थेट शिखरावर जाते. लेक कॉफी प्यायला आत थांबली, मी एकटाच बाहेर आलो. पायाखाली नुसते ढग. परक्या जागी आलो तर तिथल्या राखणदाराला सांगायला नको? तोंडवलीहून आणलेला नारळ बर्फावर ठेवला, टोपी काढली आणि गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, काजूच्या बांधापायी माझो धाकटो भाव माझ्याशी बोलणा नाय. त्येका सुखी ठेव, त्येच्या पोरांचा बरा कर रे म्हाराजा!"

आणि सवयीने थांबलो. चाळीस वर्षे मी असा थांबलो की मागून तुझे "व्हय म्हाराजा" यायचे. काल मागे फक्त वारा होता. मीच हळूच "व्हय" म्हणून पाहिले, पण आपल्याच गाऱ्हाण्याला आपणच होकार द्यायचा, याची लाज वाटली.

हे पत्र पाठवणार नाही. तू न उघडता परत केलेस तर मला सोसायचे नाही.

नारळ फोडला नाही. तसाच परत घेऊन येतो आहे.

तुझा दादा,
परशुराम